भाटव्यांचं पान

माझे भाटवे साठ वर्षांचे झाले, म्हणून त्यांच्या मुलाने घरच्या सगळ्यांना बोटीवर न्यायचं ठरवलं. मुंबई ते कोची, तिथे एक दिवस, मग लक्षद्वीप आणि परत. बहिणीच्या नवऱ्याला आमच्या वऱ्हाडात भाटवे म्हणतात. भाच्याने मला विचारलं आणि मी तिथल्या तिथे हो म्हणालो. त्यांच्या घरच्या कुठल्याच कार्याला मी इतक्या लवकर कधी हो म्हणालो नव्हतो. भाच्याला आनंद झाला, पण ताईला शंका आली.

तिचा फोन आला. "तू काहून येऊन राहिला?"

"समुद्र पाहाले."

"समुद्र तं मुंबईलेबी हाय."

"मले भाऊजीसोबत पाहाचा हाय."

ती "पाह्य बापा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं कारण इथे लिहून टाकतो. मला त्या माणसाच्या मेजवानीत, त्याच्या व्याह्यांसमोर, भरल्या पानात हात धुऊन उठायचं होतं. सव्वीस वर्षं मी हे ठरवून ठेवलं होतं. माझं तिकीट मी माझ्या पगारातून काढलं. ज्याच्या पानावरून उठायचं, त्याच्या खर्चाने तिथपर्यंत जायचं नाही, एवढी अक्कल मला कॉलेजाने दिली आहे.

माझे बाबा आचारी होते. अकोल्यात राहायचे आणि मूर्तिजापूर, दर्यापूरपर्यंत लग्नाची जेवणं करायचे. चौथीपर्यंत शिकलेले. चार-पाचशे माणसांचं वरण मीठ न चाखता बरोबर करायचे, कारण देवाला दाखवायच्या आधी ते काही तोंडात घालत नसत. त्यांची कामाची एक पद्धत होती. पंगत अर्धी झाली की खांद्यावर पंचा टाकून, हात मागे बांधून ते जेवणाऱ्यांच्या पाठीमागून फिरायचे. तोंडाकडे बघायचे नाहीत, फक्त पत्रावळीकडे बघायचे. वरण उरलेलं दिसलं तर मिठाचं काहीतरी चुकलं. वांगी खाल्ली आणि रस्सा सोडला तर तिखट चढलं. पोळीचे काठ पडलेले दिसले तर चुलीपाशी जाऊन बायांना सांगायचे, "जाळ वाढवा." दुसरी पंगत बसायच्या आत सगळं दुरुस्त झालेलं असायचं.

मी लहानपणी विचारलं होतं, "बाबा, लोकाईले विचारत काहून नाही?"

"विचारलं का सारे चांगलंच झालं म्हणतेत. आपुन खाली पाहाचं."

ताईचं लग्न अमरावतीच्या कापडाच्या दुकानवाल्यांकडे झालं. आमच्यापेक्षा मोठं घर. तिच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला तो ऐन ज्येष्ठातला. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या सगळ्या भावकीत तिथपर्यंत पोचलेला मीच पहिला. परीक्षा देऊन घरी आलो होतो.

बाबांनी त्या दिवशी लग्नाचं एक काम सोडलं होतं. पहाटेपासून एकट्याने स्वयंपाक केला. धोंडे, गोळाभात, कढी, भरली वांगी, अनारसे. आईला फक्त डाळ वाटू दिली. भाटवे दोन मित्र घेऊन आले. पाट मांडले, समया लावल्या, ताटं वाढली. तिघे जेवायला बसले आणि बाबा सवयीने पंचा खांद्यावर टाकून पाठीमागे जाऊन उभे राहिले. हात मागे, नजर ताटाकडे.

भाटव्यांनी दोन घास खाल्ले. एक मित्र दुसऱ्याकडे बघून हसला. तेवढं पुरलं.

"मामाजी," भाटवे म्हणाले, "तुमी असे पाठीमागं काहून उभे? मी लग्नातला वऱ्हाडी होय का?"

बाबा हसले. "सवय हाय जावाईबापू. काय कमी पडलं ते पाहून राहिलो."

"आचारी मानगुटीवर उभा असला का घास उतरत नाही आमाले." असं म्हणून त्यांनी पेला उचलला आणि भरल्या ताटात हात धुतला. धोंड्यांवर, भातावर, सगळ्यावर पाणी. मग उठले. मित्रही उठले. ताई स्वयंपाकघराच्या दारात तुपाची वाटी घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली.

मी पुढे झालो होतो. बाबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. ते लोक गेल्यावर म्हणाले, "तिले तिथं नांदाचं हाय. तू तोंड उघडशीन तं भोगाचं तिले पडीन. मी जित्ता हाय तोवर बोलाचं नाही." मग त्यांनी ते ताट स्वतः उचललं आणि मागे नेऊन गाईपुढे रिकामं केलं.

एका ताटाची गोष्ट असती तर मी कदाचित विसरलोही असतो. पण त्या दिवसानंतर बाबा पंगतीत फिरायचे थांबले. चुलीजवळच बसून राहायचे. कुणी म्हटलं तर सांगायचे, पाय दुखतात. आमच्या कामांना भांडी भाड्याने देणारे एक चाचा होते, मोठमोठ्या डेगा त्यांच्याच असायच्या. त्यांनी एका लग्नात माझ्यादेखत विचारलं, "उस्ताद, आजकल पंगत में क्यूं नहीं घूमते? लोग सब्जी छोड़ रहे हैं."

बाबा म्हणाले, "छोड़ने दो."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांची पानं बघून हात सुधारला, त्याने बघणंच सोडलं तर हात राहतो किती दिवस? मीठ कमी-जास्त व्हायला लागलं. मोठी कामं दुसऱ्यांकडे गेली. शेवटची काही वर्षं बाबा बारशा-मुंजींचं करत होते. नऊ वर्षांपूर्वी गेले. भाटवे तेराव्याला आले होते. वाढलेलं पान पूर्ण जेवले आणि वांग्याची भाजी कुणी केली म्हणून विचारत होते.

बाबा गेले म्हणजे त्यांची अटही गेली. पण ताईचा मुलगा शिकत होता, मग त्याचं लग्न ठरत होतं. मी थांबलो. तिवशाच्या ज्युनियर कॉलेजात मुलांना रसायनशास्त्र शिकवत थांबलो. थांबण्याने माझा राग कमी झाला, असं कुणी समजू नये. भाच्याचं लग्न झालं, सून आली. ताई आता त्या घरात सासू होती, तिला कुणी हलवू शकत नव्हतं. आणि त्याच वर्षी ही बोट आली. बायको म्हणाली, मुलीची बारावी आहे, मी थांबते, तुम्ही जा. मी एकटा गेलो. ते बरंच झालं.

बोटीवर आम्ही सात जण होतो. भाटवे, ताई, भाचा, त्याची बायको, तिचे आई-वडील, म्हणजे नागपूरचे व्याही-विहीण, आणि मी. भाटवे मला मास्तर म्हणतात. पहिल्या दिवशी डेकवर व्याह्यांना सांगत होते, "आमचे मास्तर लै हुशार. पाण्यात काय काय हाय ते सारं सांगतीन. फक्त पोहता येत नाही." व्याही सभ्य माणूस, हळूच हसले. मीही हसलो. हसायला मला काही जड गेलं नाही, कारण तिसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मला माहीत होता. भाच्याने कोचीला जुन्या भागात एका बंगल्यात केळीच्या पानावरचं जेवण ठरवलं होतं. वडिलांच्या साठीचं खास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि मी कठड्याशी उभे होतो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुह्या मनात काय हाय ते मले माईत हाय."

"काय हाय?"

"मीबी त्याच दारात उभी होती ना." एवढं बोलून ती आत नाश्त्याला गेली. ती मला अडवते आहे की नाही, ते मला कळलं नाही.

कोचीला सकाळी उतरलो. बसने जुन्या भागात नेलं. मोठी मोठी पसरलेली झाडं, जाड भिंतींची घरं, सुंठ-मिऱ्याचा वास नाकात बसेल अशी गोदामं, पाण्यात वर-खाली होणारी मासे धरायची अवजड जाळी. गाईड बाई हिंदीत सांगत होती. एका चर्चसमोर उभं करून म्हणाली, हे आधी पोर्तुगीजांचं, मग डचांनी घेतलं, मग इंग्रजांनी. सगळे मिरे विकत घ्यायला आले होते.

"आले गिऱ्हाईक म्हणून आन् बसले मालक होऊन," व्याही म्हणाले.

"धंदा असाच करा लागते," भाटवे म्हणाले आणि चर्चसमोर कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. मी त्यांच्याकडे बघत होतो. आमच्या ओसरीवर ज्याला पहिल्या दिवशी गूळ-पाणी दिलं, तो हाच माणूस. त्यालाही आम्हीच पाटावर बसवलं होतं.

एक वाजता त्या बंगल्यात पोचलो. गाईड बाईने बजावलं, अडीचला बस निघणार, बोट कुणासाठी थांबत नाही. उंच छताची खोली, लांब टेबल, एका बाजूने बाकं, समोर केळीची पानं. भाटवे मधोमध, त्यांच्या उजवीकडे व्याही, डावीकडे मी. ही जागा मी मुद्दाम धरली होती. ताई टेबलाच्या टोकाला होती. वाढायला दोन बाया होत्या. मीठ, लोणचं, आल्याचं काळसर तिखट, केळ्याचे काप, नारळातल्या चार-पाच भाज्या, पापड आणि जाड लालसर भात, त्यावर वरण आणि तूप. पान भरेपर्यंत मी हात लावला नाही. भरलेलं पानच पाहिजे होतं मला. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. "तुमच्या पानाचा घास उतरत नाही आमाले." तेवढंच म्हणायचं, पाणी ओतायचं आणि उठायचं.

मी पेल्याला हात घातला.

तेवढ्यात आतल्या दारातून एक म्हातारा माणूस आला. पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत दुमडलेलं, उघडं अंग, खांद्यावर पंचा. हात मागे बांधले आणि बाकाच्या टोकापासून आमच्या पाठीमागून हळूहळू फिरायला लागला. तोंडाकडे बघत नव्हता. पानांकडे बघत होता.

माझा हात पेल्यावर तसाच राहिला. मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी. पण तो काय करतो आहे ते त्या खोलीत मला कळत होतं आणि ताईला कळत होतं. मी टोकाकडे बघितलं. तिने घास खाली ठेवला होता.

ते पान भाटव्यांचं नव्हतंच. पैसे भाच्याचे, मान भाटव्यांचा, पण पान त्या म्हाताऱ्याचं होतं. मी त्यात हात धुतला असता तर त्याचा काय गुन्हा? मी आचाऱ्याचा पोरगा. सव्वीस वर्षं जे ठरवलं, ते माझ्या बापाने मला त्या परक्या गावात करू दिलं नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी पेला सोडला, भात कालवला आणि खायला लागलो. जेवण उत्तम होतं, हेही लिहितो.

आणि बाजूला भाटवे बोलायला लागले. "हे काय तेल हाय बापा? डोक्याले लावाचं तेल भाजीत टाकते का कोणी?" भाताचा एक घास खाल्ला, दुसरा परत ठेवला. मान वळवली तर म्हातारा त्यांच्या मागेच उभा. "आन् हा कोण? काय पाहून राहिला हा? चला रे, उठा. बोटीवर जाऊन खाऊ." त्यांनी पेला उचलला आणि पानावर धरला.

मी त्यांचं मनगट पकडलं.

"बसा भाऊजी."

"ए मास्तर, हात सोड."

"सोडतो. पान रिकामं झालं का सोडतो."

ते आधी हसले. मग माझा हात हलत नाही म्हटल्यावर हसणं थांबलं. व्याही म्हणाले, "अहो, काय झालं?"

"सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं. ज्येष्ठातला अधिक, धोंडे, दोन मित्र, पाठीमागे उभा असलेला माझा बाप, ताटातलं पाणी, आणि त्यानंतर पंगतीत न फिरलेला माझा बाप. वर्गात सांगतो तसं एकामागून एक, आवाज न चढवता. सुनेने तोंडावर पदर घेतला. विहीणबाई भाटव्यांकडे बघत होत्या, ते भाटव्यांना लागलं असणार.

"सव्वीस वर्साचं उकरून काढून राहिला का लेका?"

"उकराले ते पुरलं होतं कुठं? मी रोज पाहून राहिलो ते."

भाचा अर्धवट उठला. "मामा, आज त्याईचा वाढदिवस हाय. सोडा ना."

"तू बस," ताई म्हणाली. टेबलाच्या टोकावरून, तिच्या नेहमीच्याच आवाजात. भाचा बसला.

भाटवे तिच्याकडे वळले. "तूच सांग आता तुह्या भावाले."

ताई उठली. वाढणाऱ्या बाईच्या हातातला डाव तिने मागून घेतला, नवऱ्याच्या मागे आली, म्हाताऱ्याच्या शेजारी उभी राहिली आणि भाटव्यांच्या पानावर आणखी एक डाव भात वाढला. वर वरण. वर तूप. तुपाची वाटी तिने या खेपेला पूर्ण रिकामी केली.

"जेवा," ती म्हणाली. "गार होऊन राहिलं."

मी मनगट सोडलं. आता धरायची गरज नव्हती. व्याही समोर बघत जेवायला लागले होते, म्हणजे कान इकडेच होते. भाटव्यांनी पेला खाली ठेवला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा.

मी कुठेही घाई केली नाही. ते थांबले की मी बोट दाखवायचो. "ती भाजी राहिली." "आल्याचं राहिलं." ते तिखट त्यांना झोंबलं, नाक वाहायला लागलं. पापडाचा तुकडासुद्धा मी सोडू दिला नाही. शेवटी पातळ गूळ-नारळाची खीर आली. ती पानावरच वाढतात आणि हातानेच खायची असते. ती भाटव्यांच्या कोपरापर्यंत ओघळली, नव्या झब्ब्याच्या बाहीत गेली.

गाईड बाई दारात आली. "सर, बस. टाइम हो गया."

"रुको थोड़ा," मी म्हणालो. "जमाई का खाना चल रहा है."

"शिप नहीं रुकेगा, सर."

"तो जल्दी खाएंगे."

खरोखर त्यांनी भराभर खाल्लं. बोटांनी पान पुसून घेतलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हाताऱ्याने वाकून पान बघितलं. ताईचंही बघितलं, माझंही बघितलं. मग मान हलवून आत गेला. त्याला वाटलं असणार की या मधल्या माणसाला जेवण सगळ्यात जास्त आवडलं. सगळे हात धुवायला गेल्यावर मी मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतला.

बोट मिळाली. जिन्यावर चढताना भाटवे माझ्या मागे होते. दम लागला होता त्यांना.

"झालं का मास्तर समाधान?"

"नाही," मी म्हणालो. "बाबाच्या किती पंगती तुमी बुडवल्या! हे तं एक पान झालं."

लक्षद्वीपला ते खोलीतून बाहेर आले नाहीत. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. ताई सुनेला घेऊन किनाऱ्यावर गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली, शिंपले वेचून आणले. मला म्हणाली, "तुले नाही जमलं ना पानात हात धुणं? मले वाटलंच होतं. आपुन आत गेलो तवाच मी तो म्हतारा दारातून पाह्यला होता." मग जरा वेळाने, "मले ते तूप त्याच दिवशी वाढाचं होतं रे."

या वर्षी पुन्हा ज्येष्ठातच अधिक आला आहे. भाच्याच्या सासऱ्यांनी भाच्याला जेवायला बोलावलं, तेव्हा निघताना ताईने त्याला दारात थांबवून सांगितलं म्हणे, ताटात काही टाकशीन तर घरात येऊ नको. भाटवे तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मला ते अधूनमधून फोन करतात. करावाच लागतो, नातं आहे. त्यांचा फोन आला की माझ्या मोबाईलवर त्यांचा चेहरा येत नाही. ते पुसलेलं पान येतं. मी ते थोडा वेळ बघतो, आणि मग उचलतो.